थकीत कराची मागणी आली: स्वतः, कर सल्लागार, सीए की वकील?

आयकराच्या थकबाकीची नोटीस आली की बहुतेक जण आधी ओळखीचा माणूस शोधतात आणि नोटीस नंतर वाचतात. क्रम उलटा हवा. मदत कोणाची घ्यायची हे मागणीच्या स्वरूपावरून ठरते: ती चुकीची आहे, वादाची आहे, की बरोबर असूनही हाताशी पैसे नाहीत. त्याआधी नोटिशीवरील दस्तऐवज ओळख क्रमांक आयकर पोर्टलवर तपासून घ्यावा, कारण खोट्या नोटिशींचाही सुळसुळाट आहे. (खालील कलमे १९६१ च्या कायद्यातील आहेत. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यात त्यांचे क्रमांक वेगळे असले, तरी मागील वर्षांच्या प्रकरणांना जुनाच कायदा लागू राहतो.)

मागणी उघडच चुकीची असेल, उदाहरणार्थ उगमापाशी कापलेला कर (टीडीएस) फॉर्म २६एएसमध्ये, म्हणजे आपल्या नावावर जमा कराच्या उताऱ्यात, दिसत असूनही हिशेबात धरलेला नसेल, तर थोडी चिकाटी असलेल्या माणसाला कोणाचीच गरज नाही. पोर्टलवर थकीत मागणीला असहमती नोंदवता येते आणि कलम १५४ खाली दुरुस्तीचा अर्ज करता येतो; आदेश ज्या आर्थिक वर्षातला असेल ते संपल्यापासून चार वर्षे ही मुदत असते. हेच काम गल्लीतला कर सल्लागार माफक शुल्कात करून देतो आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी ती सोय रास्त आहे. पैसे भरले पण चलनात आकारणी वर्षच (उत्पन्नाच्या वर्षानंतरचे वर्ष) चुकले असेल, तर मात्र ऑनलाइन दुरुस्तीची मुदत फार थोडी असते. ती उलटली की अर्ज घेऊन आकारणी अधिकाऱ्याकडे जावे लागते, आणि तेथे नियमित ये-जा असलेला सीए सोबत असलेला बरा. मागणी फार जुनी असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी: २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पानुसार आर्थिक वर्ष २००९-१० पर्यंतच्या २५,००० रुपयांपर्यंतच्या आणि २०१०-११ ते २०१४-१५ मधील १०,००० रुपयांपर्यंतच्या मागण्या, प्रति करदाता एक लाखाच्या मर्यादेत, माफ झाल्या आहेत.

मागणी बरोबर असेल तर कितीही मोठा तज्ज्ञ आणला तरी कर कमी होत नाही. हिंजवडीत वर्षाच्या मध्यावर नोकरी बदललेल्या एखाद्या तरुणाचे उदाहरण घेऊ. दोन्ही कंपन्यांनी करमुक्त मर्यादेचा लाभ आपापल्या हिशेबात स्वतंत्रपणे दिला, त्यामुळे टीडीएस कमी कापला गेला आणि ८०,००० रुपयांची मागणी आली. नोटिशीनंतरचे ३० दिवस उलटले की कलम २२०(२) खाली दरमहा एक टक्का, म्हणजे ८०० रुपये व्याज सुरू होते आणि महिन्याचा काही भागही पूर्ण महिना धरला जातो. येथे सल्लागाराचा उपयोग एवढाच, की हप्त्यांसाठीचा अर्ज ती मुदत संपण्यापूर्वी आणि उत्पन्न-खर्चाच्या कागदांसह जावा. त्यासाठी वकिलाची फी मोजणे मला अनाठायी वाटते.

खरी निवड करावी लागते ती वादाच्या मागणीत. आयकर आयुक्तांकडील पहिले अपील आदेशानंतर ३० दिवसांत फॉर्म ३५ मध्ये दाखल करायचे असते. सरकारी शुल्क उत्पन्नानुसार २५० ते १,००० रुपयेच आहे. हे अपील आता चेहराविरहित पद्धतीने, म्हणजे अधिकाऱ्याची समोरासमोर भेट न होता ऑनलाइन, चालते, त्यामुळे सर्व भर लेखी निवेदनावर आणि हिशेबाच्या पुराव्यांवर असतो. रोख जमा, खरेदीची बिले, ताळेबंद असा वाद असेल तर सीए सरस ठरतो, कारण आकडे त्याला तोंडपाठ असतात. नोटीस वेळेत बजावली होती का, फेरआकारणीचा अधिकार होता का, असे कायद्याचे मुद्दे असतील तर कर-वकील पहिल्या दिवसापासून असावा, कारण अपिलात न घेतलेला मुद्दा पुढे मांडणे अवघड होते. पहिल्या अपिलानंतरचा टप्पा असलेल्या आयकर अपील न्यायाधिकरणाचे खंडपीठ पुण्यातच आहे आणि तेथे सीए व वकील दोघेही उभे राहू शकतात. बँक खात्यावर टाच आली आणि उच्च न्यायालयात थेट दाद मागणारी याचिका (रिट) करायची वेळ आली तर पुणेकराला मुंबई गाठावी लागते आणि तेथे वकीलच लागतो. अपील केले म्हणून वसुली आपोआप थांबत नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. वसुलीला स्थगितीचा अर्ज वेगळा करावा लागतो आणि आयकर खात्याच्या २०१७ पासूनच्या सूचनेनुसार साधारणपणे वादातील मागणीच्या २० टक्के रक्कम भरावी लागते. हा अर्ज पुण्यातल्याच अधिकाऱ्यापुढे जात असल्याने, अपील चेहराविरहित असले तरी स्थानिक प्रतिनिधीचे महत्त्व टिकून आहे.

जीएसटीच्या थकबाकीत अपिलाची मुदत तीन महिन्यांची आणि अपिलापूर्वीची रक्कम वादातील कराच्या दहा टक्के असते. तेथे २४ पर्यंत मासिक हप्ते मिळू शकतात, पण स्वतःच्याच विवरणपत्रात दाखवून न भरलेल्या कराला ही सवलत नाही. लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानदाराने अशा वेळी वर्षभर वह्या पाहणाऱ्या माणसाला सोडून नवखा तज्ज्ञ शोधू नये.

‘मागणी शून्य करून देतो, वाचलेल्या रकमेचा अमुक टक्का द्या’ असे सांगणाऱ्यापासून दूर राहावे. निकालावर अवलंबून फी घेणे वकिलांना व्यावसायिक नियमांनी वर्ज्य आहे आणि सीएंनाही, मोजके अपवाद सोडता, तसे करता येत नाही; त्यामुळे असा प्रस्ताव ठेवणारा बहुधा या दोहोंपैकी कोणीच नसतो. अधिकाऱ्यापुढे हजर राहण्याचा हक्क कलम २८८ नुसार सीए, वकील, ठरावीक पात्रतेचे इतर प्रतिनिधी आणि, गंमत म्हणजे, आपले नातेवाईक यांनाच आहे. फी टप्प्यांनुसार लेखी घ्यावी: उत्तर, स्थगिती, अपील, प्रत्येकाची वेगळी. पोर्टलचा पासवर्डही कोणाला देऊ नये. सीएला तेथेच रीतसर जोडता येते.

महापालिकेच्या मिळकतकराच्या थकबाकीसाठी मात्र कोणालाही फी देऊ नये. तेथे दरमहा दोन टक्के दंड वाढत असतो, तेव्हा बिल घेऊन थेट क्षेत्रीय कार्यालयात जावे.