वेदना बघायची की वागणं?

यंत्राला नैतिक दर्जा द्यायचा की नाही, म्हणजे त्याचं बरंवाईट आपण मोजायचं की नाही, हे ठरवायच्या दोन कसोट्या आहेत.

पहिली वेदनेची. प्राण्यांबद्दल इंग्रज तत्त्वज्ञ जेरेमी बेंथमने १७८९ मध्येच विचारलं होतं: त्यांना बुद्धी आहे का हे सोडा, यातना होतात का? ब्रिटनच्या २०२२ च्या कायद्याने खेकडे आणि ऑक्टोपसही संवेदनशील मानले, ते याच धाग्याने. पण खेकड्याला मज्जासंस्था आहे, तपासायला काही हाताशी आहे. चॅटबॉट ‘मला भीती वाटते’ म्हणतो, तेव्हा माणसांच्याच मजकुरावरून पुढचा शब्द बेतलेला असतो. ते वाक्य भीतीचा पुरावा नाही. भीती नसल्याचाही नाही, आणि खरी गोची तीच.

दुसरी वागण्याची. गणितज्ञ ॲलन ट्युरिंगने १९५० मध्ये बुद्धीचा प्रश्न संभाषणावर आणून ठेवला: यंत्र माणसासारखं बोलू शकतं का, एवढंच बघा. तीच युक्ती इथे लावायची. सोपी आहे, पण मग गोड बोलणारं यंत्र बाजी मारणार. सौदी अरेबियाने २०१७ मध्ये सोफिया या रोबोला नागरिकत्व जाहीर केलं, तेव्हा चेहराच कामी आला (दुसरं होतं काय म्हणा!).

माझा कल पहिलीकडे. उत्तर सापडत नसलं तरी प्रश्न बरोबर आहे. फक्त चार पायांच्या रोबोला कुणी लाथ घातली की माझ्याही पोटात कालवतं, आणि तेवढ्यापुरता मी नकळत दुसऱ्या बाजूला गेलेला असतो.