थिंकपॅड टी-४८० आणि डेबियन १२ : झाकण मिटल्यावर काय होते?

लिनक्ससाठी जुना लॅपटॉप घेताना बहुतेक जण प्रोसेसर, रॅम आणि कीबोर्ड पाहतात. झाकण मिटून तो पिशवीत टाकल्यावर तो खरोखर झोपतो का, हे कुणी विचारत नाही. लेनोवोचा थिंकपॅड टी-४८० हे २०१८ सालचे मॉडेल मी डेबियन १२ ही लिनक्सची डिस्ट्रो (तयार संच) घालून रोजच्या कामासाठी वापरतो. हे परीक्षण त्याच्या फक्त या एका अंगाचे आहे.

सस्पेंडला, म्हणजे काम रॅममध्ये तसेच ठेवून यंत्र झोपवण्याला, मी पूर्ण गुण देईन. झाकण मिटताच पंखा थांबतो, झाकणावरच्या ‘थिंकपॅड’ या अक्षरांतला लाल ठिपका संथपणे उजळू-मावळू लागतो, आणि सकाळी झाकण उघडले की वाय-फायसह सगळे जिथल्या तिथे असते. रात्रभरात बॅटरी चार-पाच टक्के उतरते, एवढेच. याचे श्रेय डेबियनपेक्षा लॅपटॉपच्या फर्मवेअरला (यंत्रातच असलेल्या बायोससारख्या मूळ सॉफ्टवेअरला) जाते. हे यंत्र एस-३ ही जुनी, खोल झोप देते, जिच्यात रॅम वगळता जवळपास सर्व भागांचा वीजपुरवठा तोडला जातो. कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) ‘मेम-स्लीप’ या फाइलमध्ये ‘एस-टू-आयडल’ (हलकी झोप) आणि ‘डीप’ (एस-३) असे दोन शब्द दिसतात व ‘डीप’भोवती चौकटी कंस असतो, म्हणजे निवड आधीच योग्य झालेली असते. त्यानंतरच्या अनेक लॅपटॉपांत एस-३ उरलेलेच नाही. तिथे एस-टू-आयडलवर भागवावे लागते, आणि एखादा ड्रायव्हर नीट झोपला नाही तर पिशवीत यंत्र तापते. खुद्द लेनोवोच्या त्याच वर्षीच्या एक्स-१ कार्बनमध्ये सुरुवातीला एस-३ नव्हते. ते नंतर बायोस अद्ययावत करून, ‘लिनक्स’ अशा नावाच्या पर्यायातून मिळाले. त्यामुळे ‘अमुक डिस्ट्रो घाला, झोप सुधारेल’ हा सल्ला मला फारसा उपयोगाचा वाटत नाही.

हायबरनेटची गोष्ट वेगळी आहे. रॅममधला मजकूर स्वॅपमध्ये (डिस्कवर त्यासाठी राखलेल्या जागेत) लिहून यंत्र पूर्ण बंद करायचे, म्हणजे स्वॅपला तेवढी जागा हवी. डेबियन १२ चा इन्स्टॉलर मात्र डिस्कच्या स्वयंचलित विभागणीत जेमतेम एक जीबी स्वॅप ठेवतो. १६ जीबी रॅमच्या यंत्रात एवढ्या जागेचा उपयोग नाही, म्हणून विभागणी हाताने करावी आणि स्वॅप रॅमएवढे ठेवावे. ते नंतर बदलले तर विभागाचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) बदलतो, आणि इनिटरामएफएसच्या (बूट होताना आधी चढणाऱ्या छोट्या प्रणालीच्या) ‘रिझ्यूम’ फाइलमध्ये जुनाच राहिला तर चालू होताना यंत्र त्या हरवलेल्या विभागाची वाट पाहत खोळंबते व मग मुकाट्याने नव्याने बूट होते. न जतन केलेले काम अर्थातच जाते. सिक्युअर बूट (सही असलेलेच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल तर कर्नल हायबरनेट करूच देत नाही, कारण स्वॅपमधली प्रतिमा कुणी बदललेली नाही याची खात्री त्याला करता येत नाही. हे कारण पटण्यासारखे असले तरी डेस्कटॉपवर नुसता गायब झालेला पर्याय पाहून नवख्या माणसाला काहीच उलगडत नाही.

एवढे सोपस्कार पार पडल्यावर मात्र हायबरनेट भरवशाने चालते. सिस्टिमडीमधला (लिनक्समधल्या सेवा सांभाळणाऱ्या प्रणालीतला) ‘आधी सस्पेंड, मग हायबरनेट’ हा प्रकार मला सर्वांत सोयीचा वाटतो: थोड्या वेळासाठी उठलो तर यंत्र लगेच जागे होते, आणि शनिवार-रविवार कपाटात राहिले तरी बॅटरी शून्यावर जात नाही.

टी-४८० घेताना केवळ इंटेल ग्राफिक्सचा घ्यावा. एन्व्हिडिया एमएक्स-१५० असलेल्यात मालकीच्या ड्रायव्हरसाठी व्हिडिओ मेमरी जपण्याची वेगळी मांडणी करावी लागते आणि झोपेचा एक जास्तीचा घोळ मागे लागतो. डिस्क कूटबद्ध करणार असाल तर स्वॅपही त्याच कूटबद्ध एलव्हीएममध्ये (डिस्कच्या विभागांच्या लवचीक मांडणीत) ठेवा. दर वेळी यादृच्छिक किल्ली घेणारे स्वॅप चालणार नाही, कारण यंत्र उठेल तेव्हा जुनी किल्ली कुठेच शिल्लक नसते.