कोपराच्या फ्रॅक्चरनंतर फिजिओथेरपी: क्लिनिकला जावं की व्हिडिओ कॉलवर घ्यावी?

कोपर फार लवकर आखडतं. तीन आठवड्यांहून जास्त काळ ते जखडून राहिलं की सांध्याभोवतीचं आवरण जाड होऊन आक्रसतं आणि गेलेली हालचाल परत मिळवायला कित्येक महिने लागतात. म्हणून सर्जनने कागदावर ‘फिजिओथेरपी’ लिहिलं की दिवस दवडायचे नसतात. ठरवायचं असतं ते एवढंच: रोज क्लिनिकला जायचं, थेरपिस्टला घरी बोलवायचं, की व्हिडिओ कॉलवर उपचार घ्यायचे.

आमचं मत आधीच सांगतो. बहुतेक प्रौढ रुग्णांनी मोजक्या भेटी प्रत्यक्ष घ्याव्यात आणि बाकीचं काम व्हिडिओवर करावं. कोपर सुटतं ते मुख्यतः स्वतःच्या स्नायूंनी, दिवसातून अनेकदा केलेल्या हालचालीने. दुसऱ्याने जोर लावून वाकवलं तर ते उलट सुजतं, दुखतं आणि आणखी घट्ट होतं. पण या मताला अपवाद आहेत आणि ते नीट समजून घ्यायला हवेत.

रोजची चाळीस मिनिटं आणि उरलेला दिवस

क्लिनिकमध्ये साधारण चाळीस मिनिटं मिळतात. त्यातली पंधरा-वीस शेक आणि मशीनमध्ये जातात. मशीन लावलं म्हणजे उपचार झाला, असा समज खोलवर रुजलाय. शेकाने आणि करंटच्या मशीनने दुखणं थोडं कमी होतं, हालचाल मात्र रुग्णालाच करावी लागते. शिवाय हाडात प्लेट किंवा तार असेल तर त्या जागी शॉर्टवेव्ह डायथर्मी, म्हणजे खोलवर शेक देणारं मशीन, चालत नाही, कारण धातूभोवती उष्णता साठून आतल्या पेशी भाजू शकतात. हे क्लिनिकमध्ये स्वतःहून सांगा.

कोपराला दिवसातून पाच-सहा वेळा, प्रत्येक वेळी दहा मिनिटं लागतात. एका हालचालीची दहा आवर्तनं, शेवटच्या टोकाला ५ ते १० सेकंद थांबून. क्लिनिकला जाणाऱ्यालाही हे घरी करावंच लागतं, आणि नेमकं तेच राहून जातं. घरचा व्यायाम हाच मुख्य उपचार धरायचा आणि थेरपिस्टने तो पाहून दुरुस्त करायचा, हा व्हिडिओचा मोठा फायदा आहे. त्यात रुग्णाचं स्वतःचं टेबल, खुर्ची आणि उशी दिसते. क्लिनिकच्या पलंगावर जमलेला व्यायाम घरच्या खाटेवर का जमत नाही, ते लगेच कळतं.

कॅमेऱ्याला काय दिसतं

नीट लावला तर बरंच काही दिसतं. फोन आडवा धरून कोपराच्या उंचीवर, दोन मीटर लांब, बरोबर बाजूला ठेवायचा. स्टुलावर दोन डबे रचले तरी चालतं. बाही दंडाच्या वर हवी आणि खिडकी पाठीमागे नको, नाहीतर हाताची नुसती सावली दिसते. खांद्याचं हाडाचं टोक, कोपराच्या बाहेरच्या अंगाचं हाड आणि अंगठ्याच्या बाजूचं मनगटाचं हाड, अशा तीन जागी पेनाने ठिपके द्यायचे. या तीन ठिपक्यांवरूनच थेरपिस्ट गोनिओमीटर (सांध्याचा कोन मोजायची पट्टी) लावतो, आणि स्क्रीनशॉटवरही तोच कोन मोजता येतो. फोन तिरका असला की कोन खोटा येतो, आणि मग आठवड्याची प्रगती किंवा घसरण निव्वळ कॅमेऱ्याची असते. मोजमाप नेहमी शेकाच्या आधी आणि शक्यतो एकाच वेळी घ्या. शेकानंतरचा कोन जास्तच येतो.

हात उताणा-पालथा करण्याची हालचाल समोरून बघावी लागते. कोपर ९० अंशांत वाकवून अंगाला चिकटवायचं, मुठीत पेन्सिल उभी धरायची आणि कोपर व कंबर यांच्यामध्ये घडी घातलेला नॅपकिन दाबून ठेवायचा. नॅपकिन पडला, म्हणजे हात वळत नसून खांदा फिरतोय. ही चोरी व्हिडिओवर लख्ख दिसते. हात वाकवताना खांदा वर उचलणं, धड झुकवणं, मनगट दुमडून हात तोंडाशी ‘पोचवणं’, हेही तसंच.

आकडे कशाला हवेत, असं वाटेल. निरोगी कोपर पूर्ण सरळ होतं (तो शून्य अंश) आणि तिथून १४० ते १५० अंश वाकतं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या अभ्यासकांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या मोजमापांनुसार रोजची बहुतेक कामं ३० ते १३० अंशांच्या टप्प्यात आणि उताणं-पालथं अशा दोन्ही बाजूंना ५०-५० अंश वळण्यात होतात. म्हणजे शेवटचे काही अंश सरळ झाले नाहीत तरी जेवण, आंघोळ, स्वयंपाक अडत नाही. मात्र १०० अंशांवर वाकणं थांबलं तर घास तोंडापर्यंत जात नाही. ओंजळीत पाणी घ्यायला हात उताणा व्हावा लागतो, भाकरी थापायला पालथा. आधी कशामागे लागायचं, ते यावरून ठरवा.

हातालाच कळणाऱ्या गोष्टी

सांधा जिथे अडतो तिथे स्नायू धरून ठेवतोय, की हाडावर हाड किंवा स्क्रू आपटतोय, हे फक्त थेरपिस्टच्या हाताला कळतं. पहिल्या प्रकारात धीराने सराव करायचा. दुसऱ्यात कितीही व्यायाम केला तरी उपयोग नाही, एक्स-रे आणि सर्जन लागतात. टाक्यांचा व्रण खालच्या थरांना चिकटलाय का, सांधा गरम आहे का, करंगळीची संवेदना किती उरलीय, हेही समोर बसूनच तपासावं लागतं. हालचाल अडकल्यावर लागणारा स्प्लिंट, म्हणजे हाताला बांधायचा आधार, मापानेच बनतो.

व्हिडिओवरचा थेरपिस्ट हात लावत नाही म्हणून घरचे पुढे सरसावतात, आणि बिघडतं ते इथेच. कोणी तेल लावून कोपर चोळतं, कोणी हाडवैद्याकडे नेतं, कोणी हात सरळ व्हावा म्हणून पाण्याची बादली धरायला लावतं. वजनाने ओढ बसली की दंडाचा पुढचा स्नायू आणखी आवळतो. जोराच्या मालिशीने आणि ओढाताणीने स्नायूत नवं हाड तयार होण्याचा धोका असतो, आणि मग कोपर खरोखरच अडतं. सरळ करायला टेबलावर दंडाखाली टॉवेलची घडी ठेवा आणि हाताच्या स्वतःच्या भाराने दहा मिनिटं सैल सोडा. तेवढी ओढ पुरते.

कोणतं हाड मोडलं, यावर बरंच अवलंबून

रेडियसचं (कोपरापासून मनगटापर्यंतच्या, अंगठ्याच्या बाजूच्या हाडाचं) कोपराकडचं डोकं नुसतं तडकलं असेल, जागेवरून हललं नसेल, तर काही दिवस झोळी आणि लगेच हालचाल. व्हिडिओसाठी यापेक्षा सोपा रुग्ण नाही.

कोपराचं टोक मोडून तार बांधली असेल तर सावधगिरी वेगळी. दंडामागचा ट्रायसेप्स स्नायू त्याच टोकाला जोडलेला असतो, म्हणून साधारण ६ आठवडे जोर लावून हात सरळ करायचा नाही आणि खुर्चीच्या हातावर रेटून उठायचं नाही. उताणं झोपून हात छताकडे धरायचा आणि गुरुत्वाने कपाळाकडे येऊ द्यायचा, हा वाकवण्याचा चांगला व्यायाम आहे. पण परत वर नेताना या रुग्णाने दुसऱ्या हाताने उचलून न्यायचा. हा बारकावा रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओत किंवा ॲपमध्ये सुटतो, म्हणून नुसत्या ॲपवर विसंबू नये.

दंडाच्या हाडाचं खालचं टोक चुरा होऊन प्लेटा बसवल्या असतील, किंवा सांधा निखळलाही असेल, तर पहिले काही आठवडे प्रत्यक्ष उपचारच घ्यावेत. किती अंशांपर्यंत परवानगी आहे, ते सर्जनकडून लिहून घ्या.

लहान मुलांचं आखडलेलं कोपर बहुतेकदा खेळता खेळता मोकळं होतं. त्यांना ना क्लिनिकची घाई, ना व्हिडिओची, आणि ओढाताण तर मुळीच नको.

प्रवास, पैसा, सोबत

चंदगडहून कोल्हापूरला जाऊन यायचं तर चाळीस मिनिटांच्या उपचारापायी दिवस जातो, आणि एसटीच्या धक्क्यांत दुखऱ्या कोपराची कसोटी लागते ती वेगळीच. हिशेब करताना फीबरोबर भाडं आणि सोबत येणाऱ्याचा बुडालेला रोज धरा. शहरात क्लिनिक दोन गल्ल्या पलीकडे असेल तर हे गणित उलटतं. मग पहिले तीन आठवडे एक दिवसाआड जावं. आई साताऱ्यात एकटी आणि मुलं पुण्यात किंवा परदेशात असतील, फोन हाताळणं तिला जड जात असेल, तर घरी येणारा थेरपिस्टच बरा. महाग पडतो, पण काम होतं.

व्हिडिओ निवडला तर असा मेळ ठेवा: सुरुवातीला एक प्रत्यक्ष भेट, दुसरी दोन-तीन आठवड्यांनी, तिसरी सहाव्या आठवड्याच्या एक्स-रेनंतर, कारण वजन घेऊन व्यायाम कधी सुरू करायचा ते हाड जुळलेलं बघूनच ठरतं. मध्ये आठवड्याला दोन कॉल. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज वाढलेली किंवा कोन कालच्यापेक्षा कमी असेल, तर आदल्या दिवशी अति झालं. आवर्तनं निम्मी करा, पण थांबू नका.

करंगळी-अनामिकेत मुंग्या वाढणं, कातडी चकचकीत होऊन आग होणं, ताप किंवा टाक्यांतून पू, अचानक ‘कट’ होऊन ताकद जाणं, यांपैकी काहीही झालं तर पुढच्या कॉलची वाट न बघता सर्जनकडे जा. दोन आठवड्यांत कोन अजिबात पुढे सरकला नाही तरीही प्रत्यक्ष दाखवा.

थेरपिस्ट निवडताना महाराष्ट्रात राज्य परिषदेची नोंदणी विचारा. डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशननंतरचा एक्स-रे आधी पाठवा. पहिल्याच कॉलमध्ये त्याने ही कागदपत्रं बघितली नाहीत, फोनची जागा बदलायला सांगितलं नाही आणि कोन मोजून लिहून ठेवला नाही, तर दुसरा थेरपिस्ट शोधा.