प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी न्यायालय आणि सत्र न्यायालय

महाराष्ट्रातील फौजदारी न्यायव्यवस्थेत बहुतेकांचा पहिला संबंध येतो तो तालुक्याच्या ठिकाणी बसणाऱ्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांशी. अटक केलेल्या व्यक्तीला, प्रवासाचा वेळ वगळून, 24 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावे लागते आणि पोलीस कोठडी द्यायची की नाही हे तेथेच ठरते. म्हणून या न्यायालयाला कनिष्ठ म्हणून दुय्यम लेखणे मला चुकीचे वाटते. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार, म्हणजे फौजदारी खटल्यांच्या कार्यपद्धतीच्या कायद्यानुसार, ते तीन वर्षांपर्यंत कारावास, पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा देऊ शकते. समाजसेवेची शिक्षाही आता त्याच्या अधिकारात आहे.

जिल्हा पातळीवरच्या सत्र न्यायालयाचा अधिकार मात्र शिक्षेच्या अशा मर्यादेने बांधलेला नाही. कायद्यात असलेली कोणतीही शिक्षा ते देऊ शकते, परंतु फाशीची शिक्षा उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. खुनासारखा खटला केवळ सत्र न्यायालयातच चालतो, तरीही आरोपपत्र आधी दंडाधिकाऱ्यांकडे दाखल होते आणि तेथून खटला वर पाठवला जातो.

अपिलाचा मार्गही वेगळा आहे. दंडाधिकाऱ्यांनी दोषी ठरवलेली व्यक्ती जिल्ह्यातच, सत्र न्यायालयात दाद मागू शकते. सत्र न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध मात्र उच्च न्यायालय गाठावे लागते. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या पक्षकारांसाठी त्याचा अर्थ अनेक दशके मुंबईची वारी असा होता. ऑगस्ट 2025 मध्ये कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच, म्हणजे मुंबईबाहेर बसणारे त्याचे पीठ, सुरू झाल्याने ते अंतर कमी झाले.