किंमत विचारायला लाजलो, तिथेच फसलो

आई-बाबांच्या लग्नाला 40 वर्षं झाली म्हणून दादानं आणि मी मिळून त्यांना परदेशातल्या एका मोठ्या शहराची सहल घडवली. विमान, हॉटेल, फिरणं सगळं काटकसरीत बसवलं होतं. फक्त एका संध्याकाळी हात सैल सोडायचा, चौघांनी एखाद्या खरोखरच्या भारी रेस्टॉरंटमध्ये बसून सावकाश जेवायचं, असं आमचं ठरलं होतं. ते रेस्टॉरंट शोधायचं काम माझ्याकडे होतं. त्या संध्याकाळी आम्हाला पद्धतशीर लुबाडलं गेलं, आणि पैशांपेक्षा जास्त मला बाबांचा पडलेला चेहरा आठवतो, म्हणून हे लिहायला बसले आहे. त्या जागेचं नाव लिहीत नाही. पाटी उद्या बदलेल, पद्धत तीच राहील, आणि ती पद्धतच मला सांगायची आहे.

पहिली चूक माझी, उशिरा जागं होण्याची. आम्हाला जिथे जायचं होतं त्या जागेचं बुकिंग बरोबर 30 दिवस आधी, ठरलेल्या वेळी उघडतं आणि काही मिनिटांत संपतं. मी दोन आठवडे आधी बघायला गेले. दुपारच्या जेवणाच्या वेटिंग लिस्टमध्ये नाव टाकलं आणि आशा सोडून दिली. तिथे पोचल्यावर हॉटेलच्या काउंटरवरच्या माणसाला सहज विचारलं, तर तो लगेच म्हणाला, "त्याच तोडीचं दुसरं आहे, मी सांगितलं तर टेबल मिळेल." त्यानं फोन लावला, चिठ्ठी दिली, आणि वेबसाइटवर अनामत भरायला सांगितलं. मला तर देव पावल्यासारखं झालं.

मी अगदीच डोळे मिटून अनामत भरली असं नाही. रेटिंग पाहिलं, 4.9 होतं. फोटो पाहिले, मोठी काच, खाली दिव्यांनी लखलखणारी नदी. 'मिशेलिन' हा शब्दही पानावर ठळक दिसला. नीट वाचलं असतं तर कळलं असतं, की आमचे शेफ मिशेलिन स्टार असलेल्या किचनमध्ये काम करून आले आहेत, एवढंच तिथे लिहिलं होतं. पण स्टार मिळतो तो रेस्टॉरंटला, माणसाला नाही. शेफ नोकरी सोडून गेला तर स्टार त्याच्या खिशातून बरोबर जात नाही. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

आता माहीत आहे, म्हणून सांगते. मिशेलिन ही टायर बनवणारी फ्रेंच कंपनी. गाडीवाल्यांना प्रवासात उपयोगी पडावी म्हणून त्यांनी 1900 साली पहिली मार्गदर्शिका काढली, 1926 पासून चांगल्या जेवणाला स्टार द्यायला सुरुवात केली आणि 1931 मध्ये एक, दोन, तीन अशा पायऱ्या केल्या. त्यांचे निरीक्षक ओळख न देता जातात आणि बिल स्वतः भरतात. स्टार ताटातल्या पदार्थासाठी असतो. झुंबरं, गालिचे, नदीचा देखावा यांचा त्याच्याशी संबंध नाही. आणि तो कायमचा नसतो, दर वर्षी नव्यानं ठरतो. त्यामुळे दारावरचा चार वर्षांपूर्वीचा स्टिकर आज काहीच सिद्ध करत नाही. त्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवर रेस्टॉरंटचं नाव टाकलं की आज स्टार आहे का, नुसतीच शिफारस आहे का, की नावच नाही, हे फुकटात दिसतं. मी ते टाकलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं. नाव नव्हतंच.

बुकिंगच्या फॉर्ममध्ये 'काही विशेष प्रसंग?' असा रकाना होता. मी मोठ्या हौसेनं लिहिलं, आई-वडिलांच्या लग्नाचा चाळिसावा वाढदिवस. या ओळीचा त्यांनी कसा वापर केला ते पुढे येईलच.

फोटोतल्या काचेपाशी टेबल मिळालंच नाही. "आज तिथे खाजगी समारंभ आहे," म्हणत आम्हाला आतल्या खोलीत नेलं. बसल्या बसल्या न विचारता पाण्याची बाटली फोडली, ब्रेड आणि वाटीभर ऑलिव्ह ठेवले. मग चार उंच ग्लास आले, फेसाळणाऱ्या वाइनचे. वेटर आईकडे पाहून वाकला, अभिनंदन म्हणाला, आजूबाजूच्या दोन-तीन वेटरांनी टाळ्या वाजवल्या. आई इतकी लाजली, इतकी खूश झाली! आम्हाला वाटलं, त्यांच्याकडून भेट आहे. कुणालाही तसंच वाटलं असतं, कारण तसं वाटावं म्हणूनच तो सगळा प्रकार होता.

मेन्यूकार्डं आली. माझ्या, आईच्या आणि बाबांच्या कार्डावर किमती नव्हत्या, फक्त दादाच्या कार्डावर होत्या. यजमान सोडून बाकीच्यांना बिनकिमतीचं कार्ड देण्याची रीत जुन्या धाटणीच्या रेस्टॉरंटांत असते, तेवढ्यावरून कुणाला फसवा म्हणता येणार नाही. पण बुकिंग माझ्या नावावर होतं, अनामत मी भरली होती, आणि किमती फक्त दादाला दिसत होत्या. दादाला वाटलं, हिनं आधी सगळं बघितलं असणार. मला वाटलं, काही वावगं असतं तर दादा बोललाच असता. आई-बाबांसमोर किमतींवरून कुजबुज नको म्हणून दोघंही गप्प बसलो.

मग तो मासा. वेटर एका मोठ्या ट्रेमध्ये बर्फावर ठेवलेला अख्खा मासा घेऊन आला आणि थेट बाबांपुढे धरला. आजच आलेला आहे, कार्डावर नाही, खास पाहुण्यांसाठी आहे, असं बरंच बोलला. माश्याचे डोळे काचेसारखे चकचकीत होते, खवले चमकत होते. बाबांना ताजा मासा ओळखता येतो. त्यांनी कौतुकानं मान डोलावली. वेटरनं "छान निवड" म्हणून ट्रे उचलला आणि गेला. झाली ऑर्डर. बाबा मला नंतर म्हणाले, "अगं, मी फक्त चांगला आहे असं म्हटलं. मला वाटलं, तो दाखवायला आणलाय."

दादानं त्याला परत बोलावून किंमत विचारली. हो, विचारली, एवढं तरी त्यानं केलं. उत्तर मिळालं ते 100 ग्रॅमच्या भावाचं, आणि तो आकडा ऐकताना कार्डावरच्या बाकी पदार्थांपेक्षा कमी वाटला. 'शंभर ग्रॅमला' हे शब्द वेटर घाईत, आवाज खाली आणून बोलला. दादाला वाटलं, एका प्लेटची किंमत असावी. वजन त्यानं विचारलं नाही, आणि आमच्यासमोर कुणी केलंही नाही.

अर्ध्या तासानं चार प्लेट आल्या. प्रत्येकीत तळहाताएवढा तुकडा, बाजूला सॉसचे तीन ठिपके. चव बरी होती, खोटं कशाला बोलू. पण ट्रेमधल्या त्या माश्याचे हे चारच तुकडे कसे, असं आईनं हळूच विचारलंच. बाकीचा कुठे गेला?

बिल चामडी फोल्डरमध्ये आलं. दादानं उघडलं आणि नुसता बघत राहिला. मासा: 2 किलो 300 ग्रॅम. म्हणजे सांगितलेल्या आकड्याच्या 23 पट. हे वजन डोकं, शेपटी, काटे, आतडी धरून, कच्च्याचं. वजन आमच्यासमोर झालं नव्हतं, त्यामुळे ते खरं की खोटं म्हणायला आमच्याकडे काहीच आधार नव्हता. त्याखाली अभिनंदनाचे चार ग्लास, तेही महागड्या ओळीतले. तीन बाटल्या पाणी, ब्रेड, ऑलिव्ह. तळाशी बारीक अक्षरात 15 टक्के सर्व्हिस चार्ज. आणि मी भरलेली अनामत वजा केलेली नव्हती.

मी बोलायला तोंड उघडलं, तर मॅनेजर येऊन उभा राहिला. आवाज चढवला नाही, उलट फार मऊ बोलला. साहेबांनी मासा बघून पसंत केला, ग्लास तुम्ही प्यायलात, अनामतीचं ऑफिसकडून बघून घेतील. आजूबाजूचे लोक बघायला लागले. बाबा म्हणाले, "राहू दे, देऊन टाक. आजच्या दिवशी वाद नको." आणि खिशातून स्वतःचं पाकीट काढायला लागले. ते मला बघवलं नाही. मी पटकन कार्ड दिलं.

कार्डाच्या मशीनवरही दोन सापळे होते. वेटरनं मशीन माझ्यापुढे धरण्याआधी एक बटण स्वतःच दाबलं. ती स्क्रीन होती 'कोणत्या चलनात भरणार' याची. अशा वेळी आपल्या देशाचं चलन निवडलं की दर बँकेचा लागत नाही. मशीनमागच्या कंपनीनं आपला नफा लावून ठरवलेला दर लागतो. परदेशात नेहमी तिथलं स्थानिक चलन निवडायचं, आणि ही निवड कार्ड ज्याचं त्यानंच करायची असते. पुढची स्क्रीन टिपची, 18, 20, 25 टक्के. सर्व्हिस चार्ज बिलात आधीच धरलेला होता. माझे हात थरथरत होते, मी मधलं बटण दाबलं. म्हणजे सेवेचे पैसे मी दोनदा दिले.

बिलाच्या कोपऱ्यात पेनानं आमच्या हॉटेलचं नाव लिहिलेलं होतं. त्या रात्री त्याचा अर्थ लागला नाही. सकाळी लागला, काउंटरवरच्या माणसानं नजर चुकवली तेव्हा.

त्या रात्री झोप आली नाही, म्हणून ते शेकडो पाच-स्टार रिव्ह्यू मी एकेक करून वाचले. हे काम आधी करायला हवं होतं. बहुतेकांनी आयुष्यात हा एकच रिव्ह्यू लिहिला होता. एकेका आठवड्यात तीस-तीस रिव्ह्यू, आणि मग महिनाभर शुकशुकाट. पदार्थांबद्दल एक अक्षर नाही, पण त्याच दोन वेटरांची नावं घेऊन कौतुक. एक आणि दोन स्टारवाले रिव्ह्यू मात्र लांबलचक होते, आणि त्यांत 'मासा', 'वजन', 'भेट समजलो' हे शब्द पुन्हा पुन्हा येत होते. नदीच्या देखाव्याचा फोटो इमेज सर्चमध्ये टाकला, तर तो दुसऱ्याच देशातल्या एका हॉटेलचा निघाला.

रेटिंगवर किती विसंबायचं, याचं सगळ्यात बोलकं उदाहरण लंडनचं आहे. 2017 मध्ये ऊबा बटलर नावाच्या पत्रकारानं आपल्या परसातल्या शेडला 'द शेड ॲट डलविच' हे नाव देऊन ट्रिपॲडव्हायझरवर रेस्टॉरंट म्हणून नोंदवलं. शेव्हिंग क्रीम वगैरे वापरून पदार्थांचे फोटो काढले, ओळखीच्यांकडून रिव्ह्यू लिहून घेतले. काही महिन्यांत ते अस्तित्वातच नसलेलं रेस्टॉरंट लंडनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. भिंतीवरच्या पुरस्कारांचंही तसंच. 2008 मध्ये रॉबिन गोल्डस्टीन या लेखकानं मिलानमधलं एक काल्पनिक रेस्टॉरंट तयार केलं, वाइनची यादी आणि प्रवेश शुल्क पाठवलं, आणि वाइनवरच्या एका मोठ्या अमेरिकन मासिकाचा पुरस्कार मिळवला. त्या यादीतल्या सगळ्यात महाग वाइन तर त्याच मासिकानं पूर्वी झोडपलेल्या होत्या! हे वाचलं तेव्हा मला रडू आलं, कारण आमच्या त्या जागेच्या दारावरही असले सहा-सात बिल्ले होते आणि आईनं त्यांच्यापुढे उभं राहून फोटो काढून घेतला होता.

बँकेत तक्रार केली. अनामत परत मिळाली, कारण 'ही रक्कम बिलातून वजा होईल' असं लिहिलेला त्यांचा ईमेल माझ्याकडे होता. बाकी काही मिळालं नाही. बिल पाहून, पिन टाकून पैसे दिले की ते तुम्हाला मान्य होतं असंच धरलं जातं. म्हणून भांडायचं ते कार्ड देण्याआधी, बिलाच्या प्रत्येक ओळीवर बोट ठेवून. रक्कम फुगलेली वाटत असेल तर बिलाचा आणि मेन्यूकार्डाचा फोटो तिथल्या तिथे काढून ठेवा. आम्ही मेन्यूकार्डाचा फोटो काढला नव्हता, त्यामुळे मेन्यूवर काय होतं हे बँकेला दाखवताच आलं नाही.

सहलीच्या शेवटून दुसऱ्या दिवशी सकाळी एक ईमेल आला. पहिल्या जागेच्या वेटिंग लिस्टमध्ये दुपारचं टेबल मोकळं झालं होतं. आई म्हणाली, "नको गं, परत तेच." दादानं सरळ फोन लावला आणि एका दमात सगळं विचारलं: चौघांचा एकूण खर्च किती, पाण्याचे वेगळे का, सर्व्हिस चार्ज धरून की सोडून, कार्डाबाहेरचं काही देणार का. पलीकडच्या बाईंनी शांतपणे सगळं सांगितलं आणि तेच ईमेलनं लिहूनही पाठवलं. दुपारचा ठरावीक मेन्यू रात्रीच्या निम्म्याहून कमी किमतीत होता. पुष्कळ मोठ्या रेस्टॉरंटांत दुपारी तेच किचन असं स्वस्तात मिळतं, हेही मला तेव्हाच कळलं.

आम्ही गेलो. चौघांच्याही कार्डांवर किमती होत्या. तिसऱ्या पदार्थाच्या आधी वेटर बाबांपाशी आला आणि म्हणाला, यावर एक जास्तीची गोष्ट घेता येते, तिचे माणशी इतके वेगळे पडतील, नाही घेतली तरी पदार्थ पूर्णच आहे. बाबांनी आमच्याकडे पाहिलं. मग त्याला विचारलं, "चौघांचे मिळून किती होतील?" त्यानं आकडा सांगितला. बाबा म्हणाले, "नको, असंच द्या," आणि तो हसून "जरूर" म्हणाला.