ओझरच्या आकाशात: सबसॉनिक की सुपरसॉनिक?

नाशिकजवळच्या ओझरला एचएएल (हिंदुस्थान एरोनॉटिक्स) या विमान बनवणाऱ्या कंपनीच्या एकाच आवारात दोन्ही जातींची विमानं बनतात. पंख्याचं एचटीटी-४० हे प्रशिक्षण विमान सबसॉनिक, म्हणजे आवाजापेक्षा हळू. तेजस किंवा सुखोई-३० ही लढाऊ विमानं मात्र सुपरसॉनिक, आवाजापेक्षा वेगवान. मराठीत त्याला ‘स्वनातीत’ असा देखणा शब्द आहे.

‘हळू’ या शब्दाने फसू नका. जमिनीलगत १५ अंश तापमानाला आवाज ताशी सुमारे १,२२५ किलोमीटर धावतो. ११ किलोमीटर उंचीवर हवा गार असल्याने तोच वेग १,०६० च्या आसपास येतो. म्हणून वेग माकमध्ये मोजतात: त्या ठिकाणच्या आवाजाच्या वेगाच्या किती पट. आपली नेहमीची प्रवासी विमानं माक ०.८ च्या आसपास, म्हणजे सबसॉनिकच.

खरा फरक हवेच्या वागण्यात आहे. सबसॉनिक विमानाच्या दाबलहरी त्याच्या पुढे धावतात, त्यामुळे हवा आधीच बाजूला सरकू लागते. गोदाघाटावरच्या गर्दीत ‘सरका, सरका’ ओरडत जाणाऱ्यासारखं! सुपरसॉनिक विमान स्वतःच्या हाकेआधी येऊन थडकतं. हवेला सवड मिळत नाही आणि आघातलहर तयार होते. तिचा दणका फक्त वेग ओलांडताना नाही, त्या वेगात असेपर्यंत वाटेवर सगळीकडे पोचतो. इंधनही भरमसाट जातं. कॉन्कॉर्ड हे सुपरसॉनिक प्रवासी विमान २००३ मध्ये थांबलं ते उगाच नाही.

आणि २० हर्ट्झखालच्या, कानाला न ऐकू येणाऱ्या आवाजाला सबसॉनिक म्हणू नये. तो इन्फ्रासॉनिक.