जुना मिककार्ब घरी सुधारावा की बाजारातला नवा बसवावा?

बुलेट स्लोवर टिकत नाही, सिग्नलला सतत मूठ पिळून धरावी लागते, प्लग काजळी धरून बाहेर येतो आणि मिस्त्री गाडीकडे न बघताच सांगतो, "कारबेटर गेलाय साहेब, नवा टाकू." कास्ट आयर्न इंजिनाच्या जुन्या ३५० चे बहुतेक मालक कधी ना कधी हे वाक्य ऐकतात. मीही ऐकलं आहे. त्यानंतर बाजारातला तयार नवा कार्बोरेटर बसवून गाडी चालवली आणि गाडीचा जुना मिककार्ब (मॉडेल व्हीएम२४) घरी उघडून, त्यातले भाग बदलूनही चालवली. या दोन्हींतलं काय निवडावं, याबद्दल माझा अनुभव सांगतो. तुमची गाडी, तुमचा वापर वेगळा असू शकतो, हे गृहीत धरूनच वाचा.

तिसरा पर्याय म्हणजे अस्सल नवा मिककार्ब. जपानच्या मिकुनी कंपनीच्या तंत्रावर चेन्नईच्या युकाल कंपनीने बनवलेला तसा मिळाला आणि परवडला तर सरळ घ्या. अडचण एवढीच, की कास्ट आयर्न इंजिन २०१० च्या आसपास बंद झालं आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाल्यावर नव्या बुलेटमध्ये कार्बोरेटरच उरला नाही. त्यामुळे आज काउंटरवर 'ओरिजिनल' म्हणून जो डबा पुढे सरकवला जातो, त्याबद्दल मी जरा साशंकच असतो.

पण त्याही आधी दोष कार्बोरेटरचाच आहे का, ते बघा. पॉईंटची गाडी (ठिणगीची वेळ साधणारे संपर्क असलेली) असेल तर त्यांची गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटरमध्ये आहे का, टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलंय का, पेट्रोल कॉकच्या जाळीत गंज साचलाय का, हे पाहायला खर्च काही नाही. कार्बोरेटरच्या नावाने येणाऱ्या तक्रारींत पॉईंटचा वाटा फार मोठा असतो, असं माझं मत आहे. ते मिस्त्र्यांना पटत नाही, तो भाग वेगळा.

आता उघडल्यावर काय काय सुधारता येतं, ते पाहू. माझ्या मते घरच्या दुरुस्तीचा खरा फायदा फ्लँजपासूनच, म्हणजे कार्बोरेटरचा जो चपटा भाग इंजिनाला टेकतो तिथपासूनच सुरू होतो. ३५० वर हा कार्बोरेटर दोन स्टडवर बसतो. गाडी हवा घेतेय अशी शंका आली की नट आणखी आवळले जातात. मग फ्लँजचे दोन्ही कान हेडकडे वाकतात, मध्ये फट पडते आणि गाडी पहिल्यापेक्षा जास्त हवा घेते. इंजिन स्लोवर ठेवून, फ्लँजच्या सांध्यावर कार्ब क्लीनरचा किंचित फवारा मारा. आवाज बदलला की समजा हवा तिथूनच जातेय. मात्र सायलेन्सर आणि प्लगची वायर यांच्यापासून फवारा लांब ठेवा. उपाय अगदी साधा आहे. जाड काचेवर बारीक वॉटर पेपर पसरायचा, तो ओला करायचा आणि फ्लँज त्यावर इंग्रजी आठच्या आकारात घासायचा. सगळ्या पृष्ठभागावर सारखी चमक आली की थांबायचं. नवं पॅकिंग टाकून दोन्ही नट आलटून पालटून, बेताने आवळायचे. मिस्त्रीने 'गेलेले' ठरवलेले कितीतरी कार्बोरेटर एवढ्यावर मार्गी लागत असावेत, असं मला वाटतं.

चोकच्या प्लंजरखालचं रबर कुणी बघत नाही. ते झिजलं किंवा चिरलं की चोक बंद असूनही थोडा चालूच राहतो आणि गाडी स्लोवर रिच होते, म्हणजे मिश्रणात पेट्रोल जास्त जातं. लोक मात्र एअर स्क्रू (स्लोची हवा कमी-जास्त करणारा) फिरवत बसतात. स्लाइडला लटकणारी नीडल आणि ती ज्या भोकात वर-खाली होते ती नीडल जेट एकमेकांवर घासून जेटचं भोक लांबट होतं. तेव्हा अर्ध्या मुठीला गाडी गुदमरते, पण पूर्ण मुठीला बरी पळते. हे दोन्ही भाग जोडीनेच बदलावेत. जेट साफ करायला क्लच केबलची तार घालायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. पितळ मऊ आणि तार पोलादी, म्हणून भोक मोठं होतं आणि जेटवरचा आकडा खोटा पडतो. क्लीनरचा फवारा आणि पंक्चरवाल्याकडची हवा पुरते. लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये बॉडी उकळण्याचे सल्लेही फिरत असतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका. या मिश्रधातूला आम्ल खातं आणि आतल्या बारीक वाटा खरबरीत होतात.

स्लाइड, म्हणजे मूठ पिळली की वर जाणारा, मिस्त्री ज्याला पिस्टन म्हणतात तो भाग, तिथे घरच्या दुरुस्तीची हद्द संपते. स्लाइड बसवून बोटाने पुढे-मागे हलवून पाहा. ती खडखडत असेल आणि नवी स्लाइड घालूनही खडखडत असेल, तर बॉडीचं भोकच झिजलंय. मग स्लो कधी स्थिर बसणार नाही. भोकात स्लीव्ह (आतून नळी) टाकून देणारा लेथवाला कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या ठिकाणी शोधला तर सापडेल, पण त्याचा हात कसा आहे यावर सगळं अवलंबून. अशा वेळी नवा आणणारा चुकतोय असं मी म्हणणार नाही. एअर स्क्रूचं टोक आत तुटून बसलेलं असलं, किंवा पांढऱ्या भुकटीने पायलटची, म्हणजे स्लोच्या पेट्रोलची वाट आतून खाल्ली असली, तरीही तेच.

बाजारातल्या नव्या कार्बोरेटरबद्दल आधी चांगलं ते सांगतो, कारण ते खरं आहे. पुण्यात नाना पेठेत एक चक्कर मारली की तासाभरात हातात येतो. बसवायला फार डोकं लागत नाही. नव्या स्लाइडमुळे स्लो पहिल्या दिवसापासून छान धरतो, किक हलकी वाटते. रोज गाडीवर कामाला जाणाऱ्या माणसाला जुना कार्बोरेटर उघडून, पार्टची वाट बघत बसणं परवडत नाही, हेही मला मान्य आहे. ट्यूनिंगचं म्हणाल तर जेटवर आकडे नव्हते किंवा होते त्यांवर भरवसा ठेवता येत नव्हता, एअर स्क्रूची स्प्रिंग कमजोर होती आणि बुलेटच्या थरथरीने स्क्रू आपोआप फिरायचा. या गोष्टी मी चालवून घेतल्या असत्या. जुन्या बॉडीतले जेट नव्यात बसले तर अर्धा प्रश्न सुटतोही.

माझं मन उडालं ते पेट्रोलच्या वासामुळे.

कार्बोरेटरच्या खालच्या वाटीत पेट्रोल भरलं की फ्लोट वर तरंगतो आणि एक सुई पेट्रोल बंद करते. ही सुई ज्या पितळी सीटवर टेकते, तिथून रात्री थेंब थेंब पेट्रोल निसटायचं. फार नाही. ओव्हरफ्लोच्या नळीखाली फरशीवर एक डाग, एवढंच. पण आमच्याकडे गाडी जिन्याखाली लागते. सकाळी दार उघडलं की जिनाभर वास, आणि वरच्या मजल्यावरच्या काकूंचं रोजचं "तुमच्या फटफटीचं काहीतरी बघा." कॉक बंद ठेवला की गळती थांबते हे खरंच. पण मग ते लक्षात ठेवावं लागतं, आणि घरातल्या दुसऱ्या कुणी गाडी नेऊन आणून लावली की संपलं. शिवाय गळणारं पेट्रोल दर वेळी नळीवाटेच बाहेर पडतं असं नाही. इंजिनात उतरलं तर ऑईल पातळ करतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला, तर गाडी चालू न करता आधी ऑईल बदला.

सुई बदलली, तरी तेच. मग सीट बदलावी म्हणून वाटी उघडून पाना लावायला गेलो, तर सीटला पाना लागेल अशी जागाच नव्हती. ती बॉडीत दाबून बसवलेली होती. म्हणजे काही पैशांच्या पितळी तुकड्यासाठी आख्खा कार्बोरेटर टाकायचा. इअरबडला ब्रासो लावून सीट चकचकीत करण्याचा उपाय काही दिवस चालला, मग डाग परत.

माझ्या जुन्या मिककार्बमध्ये हीच सीट आट्याची आहे. पान्याने निघते, खाली वॉशर असतो, सुई आणि सीट जोडीने मिळते, बदलायला अर्धा तास पुरतो. जुन्या सुईच्या टोकाला गोल वळ पडलेला नखाला जाणवतो. तो जाणवला की सुई एकटी न बदलता जोडीच बदला. बसवल्यावर गाडीवर चढवण्याआधी तपासायची सोपी रीत आहे. कार्बोरेटर उलटा धरायचा, म्हणजे फ्लोटच्या वजनाने सुई बंद होते, आणि पेट्रोलच्या नळीतून तोंडाने हळू फुंकायचं. हवा अजिबात जाता कामा नये. फ्लोट हाताने उचलला की लगेच गेली पाहिजे. पितळी फ्लोट असेल तर तो कानाशी हलवून बघा. आत पेट्रोल खळखळलं तर भोक पडलंय. गरम पाण्यात बुडवला की बुडबुडे जागा दाखवतात. सोल्डरचा डाग देता येतो, पण आतलं पेट्रोल पूर्ण काढून, वाळवल्याशिवाय त्याच्याजवळ सोल्डरिंग आयर्न नेऊ नका. डाग जाड झाला की फ्लोट जड होतो आणि वाटीतली पातळी वाढते, म्हणून जमलं तर नवाच घालावा.

खर्चाचं म्हणाल तर सुई-सीट, चोकचं रबर, पॅकिंग, नीडल आणि नीडल जेट हे सगळं मिळूनही मला नव्या कार्बोरेटरपेक्षा बरंच स्वस्त पडलं. वेळ मात्र जास्त जातो. चांगला स्क्रूड्रायव्हर लागतो, कारण वाटीचे स्क्रू मऊ असतात आणि साध्या प्लसने त्यांची डोकी खरवडली जातात. एअर स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत नेऊन दीड फेरा बाहेर, ही सुरुवात. पुढचं इंजिन तापल्यावर कानाने. व्हीएम२४ चा स्क्रू फिल्टरच्या बाजूला असल्यामुळे तो आत गेला की गाडी रिच होते. फिरवण्याची दिशा विसरणारे बरेच असतात.

यूसीई, म्हणजे कास्ट आयर्ननंतर आलेल्या इंजिनाच्या बुलेटवाल्यांसाठी हिशेब जरा वेगळा आहे. त्यात बीएस२९ कार्बोरेटर आहे, स्लाइडला रबरी डायफ्राम आहे आणि मिक्स्चर स्क्रू इंजिनाच्या बाजूला, म्हणजे बाहेर काढला की रिच. डायफ्राम उजेडाला धरून बघा. टाचणीएवढं भोक असलं तरी गाडी रेस धरत नाही आणि ते चिकटवून भागत नाही. क्लीनरचा फवारा त्यावर पडला तर रबर फुगतं, म्हणून आधी तो भाग काढून ठेवायचा. स्लाइडसकट डायफ्राम महाग पडतो, त्यामुळे तिथे नव्याकडे कल झुकला तर मी वाद घालणार नाही.

आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. ते पाणी धरून ठेवतं, आणि गाडी उभी राहिली की वाटीत पांढरी भुकटी जमते, जुनी रबरं फुगतात. म्हणजे जुना असो की नवा, वाटी अधूनमधून उघडावी लागणारच आणि सुई-सीट कधीतरी बदलावी लागणारच. गाडी जरा लीन (मिश्रणात पेट्रोल कमी) वाटत असेल तर नीडलची क्लिप एक खाच खाली घेऊन बघा.

एवढं वाचूनही नवाच घ्यायचा असेल तर दुकानात काउंटरवरच वाटी उघडायला सांगा. फ्लोट बाजूला करून सीटला पाना लागतो का बघा. दुकानदार कुरकुर करेल, करू द्या. पाना लागत नसेल तर दुसरा दाखवायला सांगा.